तुमचा डाग घेऊन या

पत्रिकेवरची ती ओळ माझी. मुलगी म्हणते तिची, पण तिने लिहिलं होतं वेगळंच. तिने लिहिलं होतं, ‘मनावरचे व्रण : छायाचित्रे आणि लघुपटांचे प्रदर्शन’. मी म्हटलं, बाई गं, व्रण म्हणजे काय ते अख्ख्या सोलापुरात दहा जणांना कळेल आणि त्यातले आठ मास्तर असतील.

मी नवी पेठेच्या मागच्या गल्लीत एका छापखान्यात काम करते. लग्नाच्या, बारशाच्या, दुकानांच्या उद्घाटनाच्या पत्रिका जुळवते आणि तपासते. वीस-बावीस वर्षं हेच चाललंय. त्यामुळे दुसऱ्याच्या वाक्यात हात घालायची खोड लागली आहे आणि ती घरी आल्यावरही सुटत नाही. मी ‘व्रण’ खोडला आणि ‘डाग’ लिहिला. खालचा मजकूरही मीच जुळवला : ‘प्रत्येकाकडे एक डाग असतो. वर्षानुवर्षं जपलेला, कुणाला न दाखवलेला. तुमचा डाग घेऊन या. आम्ही ऐकू.’

मुलीला ते आवडलं. ती फोटोग्राफर आहे. लग्नांचे फोटो काढून पोट भरते आणि उरलेल्या वेळात मनासारखं काम करते. वर्षभर ती माणसं गोळा करत होती. मनाला कधीतरी काहीतरी लागलं आणि ते भरून आलं, किंवा आलंच नाही, अशी माणसं. त्यांचा एक फोटो, त्यांनी ठेवून दिलेल्या एखाद्या वस्तूचा एक फोटो आणि चार मिनिटांची फिल्म, ज्यात तो माणूस स्वतः बोलतो. एका तेलुगू आजोबांनी बंद पडलेल्या हातमागाचा धोटा आणला होता. एका निवृत्त कंडक्टरने गेलेल्या मुलाचं हेल्मेट आणलं होतं, तो फिल्ममध्ये चार मिनिटं नुसता ते पुसत बसलाय.

पत्रिकेचा मजकूर मी तीनदा तपासला. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती. जी चूक होती ती मला दिसलीच नाही. डाग म्हणजे कलंक आणि डाग म्हणजे भाजल्याची खूण, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण आमच्याकडे डाग म्हणजे दागिनाही. पोरीच्या अंगावर दोन डाग घाला म्हणतात, तो डाग. जपलेला, कुणाला न दाखवलेला, तो घेऊन या!

पत्रिका व्हॉट्सॲपवर गेली आणि दुसऱ्याच दिवशी फोन सुरू झाले. “ताई, जुना डाग मोडीत घेता का?” नवी पेठेतल्या एका सराफाने तर छापखान्यात माणूस पाठवला, हे प्रदर्शन-विक्री कुणाची आहे म्हणून. मालक हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते. मीही हसले. मुलगी म्हणाली, आई, बदलूया का? मी म्हटलं, राहू दे गं, तेवढीच गर्दी होईल.

तिसऱ्या दिवशी फोन आला नाही. थोरली जाऊ आली.

ती का आली हे कळायला तीस वर्षं मागे जावं लागेल. मी सांगोला तालुक्यातल्या एका गावात लग्न होऊन गेले. थोडी कोरडवाहू जमीन, बाकी सगळा भार मेंढरांवर. घरात सासूबाईंचा शब्द शेवटचा. त्यांच्या गळ्यात सोन्याची बोरमाळ होती. घरातला तेवढाच एक मोठा डाग. एकदा त्यांना ताप आला, गळ्याला मणी रुतायला लागले म्हणून त्यांनी ती काढली आणि म्हणाल्या, “धाकटे, ही पेटीत ठिव.” मी पेटीत ठेवली, कडी घातली. ताप उतरला, पेटी उघडली, तर बोरमाळ नव्हती.

ठेवणारी मी. त्यामुळे घेणारीही मीच, असं ठरायला अर्धा दिवसही लागला नाही. मग देवळात बेल-भंडार उचलायचं ठरलं. हातात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन देवापुढे शपथ घ्यायची की मला ठाऊक नाही. थोरल्या जावेने उचलला. घरी आलेल्या नणंदेने उचलला. माझी पाळी आली आणि माझं डोकं फिरलं. मी वीस वर्षांची होते आणि जीभ तेव्हाही अशीच होती. मी म्हटलं, “पेटीत ठेवली म्हणून सांगितलं ना? माझा शब्द पुरत नसेल तर भंडारा कशाला पुरेल?”

झालं. अख्खं गाव देवळापुढे उभं होतं. जिने उचलला नाही ती चोर.

हेही तिथंच उभे होते. खांबाला टेकून, खाली बघत. एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन पिशव्या भरल्या आणि आम्ही एसटीने सोलापूरला आलो. चादरींच्या कारखान्यात यांना गठ्ठे बांधायचं काम मिळालं. पुढे मुलगी झाली, मी छापखान्यात लागले, संसार झाला. पण एक गोष्ट झाली नाही. यांनी मला कधी विचारलं नाही की तू घेतलीस का. आणि मीही कधी सांगितलं नाही की मी घेतली नाही. मला वाटायचं, विचारत नाही म्हणजे विश्वास आहे. मग कधीतरी मध्येच वाटायचं, विचारत नाही म्हणजे उत्तराची भीती वाटते. पोळ्या लाटताना, प्रूफ वाचताना, कधीही हे मनात यायचं. चार वर्षांपूर्वी हे गेले आणि विचारायचं कायमचं राहिलं. गावाने मला चोर म्हटलं ते मी गिळलं. यांना काय वाटत होतं, तेवढं मात्र मला मरायच्या आधी कळायला हवं होतं.

तर जाऊ आली. मुलीने प्रदर्शनासाठी एक लहान हॉल घेतला होता आणि मागच्या खोलीत ती लोकांचं शूटिंग करायची. दुपारच्या सुट्टीत मी तिचा डबा घेऊन गेले, तर दारातल्या खुर्चीवर अक्का बसलेली. जावेला मी अक्काच म्हणते. सत्तरीची झाली आहे, पार वाळली आहे. मांडीवर फडक्याची गाठ.

“अक्का? तुम्ही इकडं कुठं?”

“तूच बोलिवलंस की.”

“मी?”

“डाग घिऊन या म्हनून. पोरानं मोबायलावर वाचून दावलं. जपल्याला, कुनाला न दावल्याला.” तिने माझ्याकडे बघितलं नाही. “मला कळलं की लगीच, हे माज्यासाटीच हाय. तुला सांगितलं कुनी गं? मी तर मेलेल्या नवऱ्यालाबी सांगितलं न्हाय.”

मला काही उमजेना. मग तिने गाठ सोडली.

बोरमाळ काळवंडली होती, पण मी ती अंधारातही ओळखली असती. तिच्या एका मण्याला पोचा होता. थोरले दीर तान्हे असताना त्यांनी तो मणी चावला होता, असं सासूबाई कौतुकाने सांगायच्या. मी वाकून बघितलं. पोचा होता.

मला नेहमी वाटायचं, असा दिवस आलाच तर मी झिंज्या धरीन, रस्त्यात उभी राहून ओरडेन. तसं काही झालं नाही. डबा माझ्या हातातच होता. मी म्हटलं, “अक्का, जेवलात का?” आणि ते ऐकून ती जी रडायला लागली ती थांबेचना.

मुलगी बाहेर आली. तिला बोरमाळेची गोष्ट ठाऊक होती, सगळ्या मुलींना आईची गोष्ट ठाऊक असते. तिने एकदा फडक्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे आणि जावेला म्हणाली, “थोरली आई, आत या. तुम्हाला जे सांगायचंय ते सांगा.” मी त्यांच्या मागून आत निघाले तर मला म्हणाली, “आई, तू बाहेर थांब. घरचं कुणी आत नसतं, माझा नियम आहे.”

मी बाहेर जिन्यावर बसले. तासभर. आतून फक्त पुटपुटल्यासारखा आवाज येत होता. एकदा उठून दाराला कान लावावा असं फार वाटलं. लावला नाही. माझा गर्व माझ्या कुतूहलापेक्षा मोठा आहे, हे मला देवळातच कळलं होतं.

अक्का बाहेर आली ती पदर तोंडाला लावून. माझ्या जवळून गेली, खांद्याला हात लावला आणि जिना उतरून निघून गेली. बोरमाळ आत काळ्या कापडावर राहिली, फोटोसाठी.

“आई, ऐकणार?” मुलीने विचारलं. तिचे डोळे लाल होते. “त्यांनी सगळं सांगितलंय.”

“नाही. उद्घाटनाला ऐकेन. सगळ्यांबरोबर.”

“आई, आधी एकदा ऐक. माझं ऐक.”

“मला चोर म्हणाले ते काय घरात बसून म्हणाले? देवळापुढं म्हणाले. आता हेही चार लोकांत होऊ दे.”

त्या संध्याकाळी मी गावाकडे स्वतः फोन लावले. नणंदेला, भावकीतल्या चार घरांना, देवळापुढे जे जे होते आणि अजून जिवंत होते त्या सगळ्यांना. अगत्य यायचं हं, म्हटलं. माझा आवाज इतका गोड होता की माझी मलाच किळस आली.

दोन दिवसांनी पुतण्याचा फोन आला. जावेचा थोरला. माणूस चांगला आहे, डाळिंबाची बाग राखतो, पण त्या दिवशी त्याच्या आवाजात कडकपणा होता.

“काकी, आईचं काय ते लावू नका. म्हातारीला काय कळतंय.”

“तिला सगळं कळतंय.”

“माज्या पोरीचं जमतंय, काकी. पावनं येऊन गेलेत. हितं सोयरिकीचं नाजूक आसतंय, तुमाला म्हाईत हाय. मोडलं तर कुनाच्या नावानं बोंब मारू?”

“माझ्या पोरीचं जमत नव्हतं तेव्हा तुम्ही कुणाच्या नावानं मारली होती? चोरणीची पोर म्हणून दोन स्थळं परत गेली. तेव्हा आला होता का तुझा फोन?”

तो म्हणाला, “मी येनार हाय तितं. बगतो काय लावता ते.”

मी फोन ठेवला. मला त्याच्या मुलीचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यासाठी मी थांबणार नव्हते. मुलगी सकाळ-संध्याकाळ लॅपटॉपपुढे बसलेली असायची. मी चहा ठेवायला गेले की स्क्रीन मिटायची. एकदा म्हणाली, “आई, काही वाक्यं आपल्याला कळली नाहीत तर बरं असतं ना?” मी म्हटलं, “छापखान्यात बावीस वर्षं काढलेल्या बाईला हे विचारतेस?” ती हसली नाही.

उद्घाटनाच्या संध्याकाळी हॉल भरला. त्या डाग शब्दाची कृपा, चार-पाच बायका खरोखर सोनं बघायला आल्या होत्या आणि हेल्मेटच्या फोटोपुढे गोंधळून उभ्या होत्या. पण गेल्या नाहीत. एकीने कंडक्टरची फिल्म बघून डोळ्यांना पदर लावला. गावाकडची माणसं जीप करून आली. नणंद आली, माझ्याशी दोन शब्द बोलली आणि लांब बसली. अक्का पहिल्या रांगेत एकटी बसली, हिरवं लुगडं नेसून, लग्नाला आल्यासारखी. पुतण्या बसला नाही. प्रोजेक्टरची वायर भिंतीतल्या ज्या सॉकेटला गेली होती, तिथं जाऊन तो हाताची घडी घालून उभा राहिला. मुलीने ते पाहिलं, मीही पाहिलं.

आजोबांची फिल्म झाली, कंडक्टरची झाली. मग पडद्यावर अक्का आली. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, मांडीवर बोरमाळ.

“ही माज्या सासूची बोरमाळ,” ती पडद्यावर म्हणाली. “हिच्या पायी माज्या धाकट्या जावंला चोर म्हनले. तिनं घेतली न्हवती.”

मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. पुतण्या वाकला. अक्काने मान वळवली नाही, तिथूनच म्हणाली, “हात लावू नगंस.” तो तसाच अर्धवट वाकून राहिला, मग हळूहळू सरळ झाला.

फिल्म चालूच होती. सासूबाईंना सोनं धान्यात लपवायची सवय होती. पेटीचा त्यांना भरवसा वाटला नाही. तापाच्या भरात रात्री उठून त्यांनी बोरमाळ कणगीतल्या ज्वारीत खुपसली आणि सकाळी त्यांना काही आठवलं नाही. सहा महिन्यांनी कणगीचा तळ लागला तेव्हा ती अक्काच्या हाताला लागली.

“तवाच सांगाय पायजे हुतं. पर सासूला खोटं कोन पाडनार? आन् मी सांगितलं आसतं तर म्हनले आसते, हिनंच लपीवली हुती. मी भंडारा उचलला हुता की. उचलला तवा खरा हुता. मागनं खोटा झाला. रोज देवाला हात जोडताना हात जड व्हयाचं.”

इतकी वर्षं मी हेच ऐकायला थांबले होते आणि ते आलं होतं, सगळ्यांदेखत, स्वच्छ. मला वाटलं आता सुटले.

“आन् मग मामंजी गेलं,” पडद्यावरची अक्का म्हणाली. “त्येंच्या दिवसाला भावजी आलं, हिचा नवरा. मला एकटीला गाठून उंबऱ्यात माजं पाय धरलं. आन् बोरमाळ तवा माज्याच कंबरंला बांधल्याली हुती. मी गप ऱ्हायले.”

माझी नजर पडद्यावर खिळली. ‘पाय धरलं’ म्हणताना पदर डोक्यावर होता. ‘आन् बोरमाळ’ म्हणताना तो खांद्यावर होता. आणि माणूस कुणाचे पाय धरतो तो काहीतरी बोलण्यासाठी धरतो. मुक्याने कोण पाय धरतं?

मी उभी राहिले. “थांबव ते,” मी म्हटलं. “मध्ये काहीतरी गाळलंय.”

“आई, नंतर,” मुलगी लॅपटॉपवरून म्हणाली.

“हे काय म्हणाले ते गाळलंयस.”

“आई, प्लीज. सगळे आहेत.”

“सगळ्यांना मीच बोलावलंय. लाव.”

मुलगी जागची हलली नाही. पडद्यावर अक्काचा चेहरा थांबलेला होता, तोंड अर्धं उघडं. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. तीस वर्षांपूर्वी देवळापुढे बघत होता तसाच. फरक एवढाच, की त्या दिवशी मला काय लपवायचंय ते लोकांना हवं होतं आणि आज माझ्यापासून काय लपवलंय ते मला हवं होतं.

पहिल्या रांगेत खुर्ची सरकली. अक्का उठली. एका हाताने खुर्चीची पाठ धरून ती माझ्याकडे वळली.

“पोरीवर खेकसू नगंस. मी सांगते.” माझ्याकडे बघत राहिली, किती वेळ ते सांगता येत नाही. “भावजी म्हनलं, वयनी, तिनं घेतली आसंल तर तिची चूक पोटात घाला. तिला चोर म्हनू नगा.”

असेल तर.

मी खाली बसले. मनात काहीतरी त्या ‘तर’ला धरून उभं राहिलं. असेल तर म्हणजे खात्री नव्हती. असेल तर म्हणजे नसेलही. एवढ्याशा शब्दावर मी सबंध संसार टेकवला. नणंद उठून आली, माझ्या शेजारी बसली आणि माझा हात हातात घेऊन “चुकलं गं” म्हणाली. गावाकडच्या बायका एकेक करून जवळ आल्या. पुतण्या सगळ्यात शेवटी आला. “काकी,” म्हणाला. मी म्हटलं, “पोरीचं ठरलं की मला पत्रिका जुळवायला दे.” जाताना अक्काने माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिचे हात खरखरीत आहेत, पूर्वीही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हॉल उघडायच्या आधी, मी मुलीपुढे जाऊन बसले. “मला मूळ शूटिंग दाखव. न कापलेलं.”

“कशाला आई? ऐकलंस ना काल.”

“मूळ प्रतीशी ताडून बघितल्याशिवाय मी आजवर कशावर सही केली नाही.”

तिने हेडफोन दिले आणि ते वाक्य लावून ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून.

“वयनी, तिनं घेतली हाय,” अक्का सांगत होती. “माज्या बायकूकडनं चूक झाली. पर पोटात घाला. तिला कुनी चोर म्हनू नगा.”

मी पुन्हा मागे नेलं. पुन्हा ऐकलं. ‘असेल’ नव्हतं. ‘तर’ नव्हतं. घेतली हाय. तीनदा ऐकून मी हेडफोन काढले.

“म्हणून कापलं होतं,” मुलगी खिडकीकडे बघत म्हणाली.

मी गावाकडे फोन लावला. अक्कानेच उचलला.

“अक्का, तो ‘तर’ कुठला?”

“कुटला म्हंजी?”

“हे ‘तर’ म्हणाले नव्हते. शूटिंगमध्ये नाही.”

पलीकडे शेळी ओरडल्याचा आवाज आला.

“आसू दे की, बाई,” ती शेवटी म्हणाली. “तुजं येवडं सगळं घेतलं मी. येक शबुद दिला तर काय बिगडलं?”

मला राग यायला हवा होता. आला नाही, तिचा तरी नाही. आला तो यांचा. लग्नकार्याला गेलो की सोलापुरातल्या नात्यातल्या बायका आंघोळीला जाताना आपले डाग माझ्यापाशी ठेवायच्या नाहीत, पोराबाळांपाशी ठेवायच्या. गावची बातमी इथपर्यंत आली होती. मग हे काय करायचे, सगळ्या बायकांदेखत बोटातली अंगठी काढायचे, हातातलं घड्याळ काढायचे आणि माझ्या हातात द्यायचे. “नीट ठेव गं,” मोठ्याने म्हणायचे. प्रत्येक लग्नात. मी मान ताठ करून ती अंगठी पदराच्या गाठीत बांधायची. माझा माणूस माझ्या बाजूचा आहे, हे मला त्या अंगठीने कळायचं.

आता ते पुन्हा आठवून बघते. यांना वाटत होतं की मी चोर आहे. तरी यांनी गाव सोडलं, आईबाप सोडले, मेंढरं सोडली, गठ्ठे बांधून पाठ मोडून घेतली. चोर समजूनच बोटातली अंगठी काढून माझ्या हातात दिली. इतका जीव कुणी कुणावर लावतं का? आणि इतका अपमान?

मुलीला मी म्हटलं, “ते वाक्य परत घाल. आहे तसं.”

“नक्की?”

“मजकूर पूर्ण छापायचा.”

तिने घातलं. पुढचे दोन दिवस मी सुट्टी काढून हॉलमध्ये बसले. लोक यायचे, बोरमाळेच्या फोटोपुढे थांबायचे, पडद्यावर अक्का बोलायची आणि तिच्या तोंडून हे बोलायचे. वयनी, तिनं घेतली हाय. बायका माझ्याकडे हळूच बघायच्या. त्यांना माझी कीव यायची की हेवा वाटायचा, कळत नव्हतं. शेवटच्या संध्याकाळी हॉल रिकामा झाला तेव्हा मुलगी सामान खाली न्यायला गेली होती आणि फिल्म तशीच फिरत राहिली होती. ते वाक्य पुन्हा आलं. मी पडद्यापुढे एकटीच होते, म्हणून मोठ्याने बोलले. अहो, एवढं सगळं केलंत माझ्यासाठी. त्यापेक्षा एकदा विचारायचं होतंत.